सीट बावीस इंचांवर हवी

जुन्या गाड्या विकणाऱ्या त्या दुकानात आमच्या गाडीवर लाल सॅटिनचं कापड टाकलेलं होतं. गाडी अकरा वर्षांची, दोन मालकांकडे नांदून आलेली. पण कापडाखालून काय निघणार याची जणू अख्ख्या बडोद्याला उत्सुकता होती. मॅनेजरनं माझ्या आणि बायकोच्या हातात कापडाची दोन टोकं दिली, नारळ फोडला, केक कापायला लावला आणि हातभर लांबीची पुठ्ठ्याची किल्ली देऊन आमचा फोटो काढला. खरी किल्ली कुठं ठेवली होती ते मात्र नंतर दहा मिनिटं कुणालाच आठवेना.

त्या मॅनेजरला मी बराच काळ आठवत राहीन असं वाटतं. गिऱ्हाईक येतं, टायर बघतं, बॉनेट उघडायला सांगतं. मी खिशातून मोजपट्टी काढून जमिनीपासून पुढच्या डाव्या सीटपर्यंतची उंची मोजली आणि वहीत लिहून घेतली. ते पाचवं दुकान होतं.

"साहेब, एवरेज तो पूछो!" तो शेवटी कळवळून म्हणाला.

"सीट बावीस इंचांवर हवी," मी म्हणालो.

उंच गाडी हवी असं समजून त्यानं मला रणगाड्याच्या वंशातली एक दाखवली. एकतीस इंच. तिच्यात चढायला फलाट लागला असता. मग कोपऱ्यात ही सापडली. युरोपातली बनावट, कंपनीनं आपल्या देशातून गाशा केव्हाच गुंडाळलेला. आमच्या घरात अशी गाडी कुणी चालवली नव्हती, ओळखीतही कुणाकडे नव्हती. पण सीट बरोबर बावीस इंचांवर.

"लग्न ठरवताना माझी उंचीसुद्धा इतकी नीट मोजली नव्हती हो," बायको म्हणाली.

बावीस इंच ही बाबांच्या खुर्चीची उंची होती. माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे. रेल्वेत ड्रायव्हर होते; आधी मालगाड्या, मग पॅसेंजर, बडोद्याहून रतलामपर्यंत. हिवाळ्यात न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. घरातल्या खुर्चीच्या पायांखाली सुताराकडून ठोकळे बसवून घेतले, तेव्हापासून त्या एका खुर्चीवरून ते कुणाचा हात न धरता उठत. डॉक्टर म्हणाले, "माझं काम झालं, आता यांचं सुरू. आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा, बाहेर चालवा. घरात बसले तर दोन-तीन महिन्यांत खाट धरतील आणि मग मला काही करता येणार नाही."

व्यायामाचं केंद्र अलकापुरीत. पहिल्या दिवशी आमच्या जुन्या गाडीतून नेलं. ती अठरा वर्षं आमच्याकडे होती, स्वभावानं गरीब, पण बसकी. बाबा तिच्यात बसले म्हणण्यापेक्षा पडले, आणि पोहोचल्यावर त्यांना उठता येईना. इमारतीला मोठी पोर्च, खाली लाल गालिचा, दारात टोपीवाले दोन सुरक्षारक्षक. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. त्या दोघांनी बाबांच्या काखेत हात घालून त्यांना पोतं उचलावं तसं उचललं. शर्ट पँटीतून सुटला, आणि तो खोचायला त्यांचे हात मोकळे नव्हते.

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "आता पुरे."

त्यानंतर सात आठवडे त्यांनी उंबरा ओलांडला नाही. घरी येऊन व्यायाम घेणारा एक माणूस ठेवला. त्याला चहा पाजून, रेल्वेच्या गोष्टी सांगून ते परत पाठवू लागले. मी काही म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करत. तसंही आम्हा दोघांत फार बोलणं कधी नव्हतं. मी शाळेत असताना ते लाइनवर. ते रिटायर झाले तेव्हा मी नंदेसरीच्या कारखान्यात, सकाळी कंपनीच्या बसनं जाणारा आणि संध्याकाळी पेंगत परतणारा. पाय बारीक होत चाललेले मात्र मला दिसत होते. जुनी गाडी विकायचं मी ठरवलं ते त्यामुळं.

नागरवाड्यातल्या आमच्या गल्लीत गाडी आणली ती नाक पुढं करून. आणि मग लक्षात आलं की आपल्याला ती मागं नेता येत नाही. दुकानात मी ती फक्त सरळ पुढं चालवली होती. सगळं लक्ष सीटकडं. गिअरच्या मुठीवर रिव्हर्सची जागा छापलेली होती, पण दांडा तिकडं जायला तयार नव्हता. दुकानात फोन करून विचारावं, तर पुठ्ठ्याची किल्ली धरून फोटो काढून घेतलेल्या माणसाला तेही जड जातं. शनिवारी शेजाऱ्यांनी गाडी ढकलून मागं नेली, रविवारी पुन्हा.

"रिवर्स वगरनी गाडी लाव्या, भाई?" समोरचे शेजारी म्हणाले. "सस्तामां मळी हशे!"

रिव्हर्स नसलेली म्हणून स्वस्तात मिळालेली गाडी! गल्ली हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार.

"कडं!"

आवाज आमच्या तळमजल्यावरच्या खिडकीतून आला होता. बाबा गजांना धरून उभे होते.

"काय?"

"गिअरच्या मुठीखाली कडं आहे. दोन बोटांनी वर उचल, मग डावीकडं आणि पुढं."

उचललं. गाडी मुकाट्यानं मागं सरकली.

"काका, तमने केवी रीते खबर?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"चोपडी वांचीने," बाबा म्हणाले आणि गाडीचं माहितीपुस्तक खिडकीतून हलवून दाखवलं. गाडीच्या खणातलं ते पुस्तक बायकोनं त्यांना आणून दिलं होतं, मला न सांगता. तीन दिवस भिंग घेऊन ते वाचत होते. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

मी घरात आलो तसं त्यांनी विचारलं, "तुला ही गाडी चालवायला कुणी दिली?"

"माझीच आहे, बाबा."

"मालकी नाही विचारली. लर्निंग झालंय का?"

"बडोद्यातले रस्ते मला माहीत आहेत."

"रस्ता माहीत असेल. इंजिन माहीत नाही. आम्हाला नवीन इंजिन मिळालं की माहीतगार माणूस शेजारी उभा राहायचा. तीन फेऱ्या. मग आपण सही करायची, की मला येतं. आपण, साहेबानं नाही. त्याआधी मागं पॅसेंजर लावत नसत."

"मग यांच्या शेजारी कोण बसणार?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं. कुकरची शिट्टी व्हावी इतक्या सहज तिनं ते विचारलं. आमच्या घरात अक्कल कुणाकडे आहे हे त्या वेळी पुन्हा एकदा सिद्ध झालं.

बाबा बराच वेळ पुस्तक चाळत राहिले.

"पुस्तक मी वाचलंय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पट्टा आवळला. "पेशंट म्हणून येत नाहीये," त्यांनी दारातच बजावलं. गाडीपाशी आले, पाठ फिरवली, मागं हात नेऊन सीट चाचपली आणि बसले. मग एकेक पाय आत घेतला. ज्या क्षणासाठी मी पाच दुकानांतून मोजपट्टी घेऊन हिंडलो होतो तो इतक्या लवकर संपला. बायको दारात तुळशीला पाणी घालत होती. कुंडीतून पाणी ओसंडून वाहत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

कोपऱ्यावर डावीकडं वळायचं म्हणून मी सवयीनं उजवा दांडा दाबला. या गाडीत तो काचेच्या वायपरचा. कोरड्या काचेवर दोन्ही वायपर करकरत नाचू लागले.

"पाऊस नाही," बाबा म्हणाले.

पुढं सिग्नल आला.

"लाल."

मी ब्रेक दाबला.

"उत्तर दे."

"कशाचं?"

"मी लाल म्हटलं. तू लाल म्हणायचं. असिस्टंटनं सिग्नल बघून ओरडायचं, ड्रायव्हरनं बघून तेच परत म्हणायचं. दोघांना दिसलं तर दिसलं. नाहीतर मला कसं कळणार, तू बघतोयस की झोपलायस?"

"लाल," मी म्हणालो.

"हं."

असे आम्ही मांडवीपर्यंत गेलो आणि परत आलो. लाल, लाल. हिरवा, हिरवा. गाय उजवीकडून, गाय उजवीकडून. शेजारच्या रिक्षावाल्यानं मान वाकडी करून आमच्याकडं पाहिलं. जवळजवळ चाळीस वर्षं हा माणूस घराबाहेर कसा बोलत असेल ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. घरात कधी न चढलेला आवाज गाडीत स्वच्छ, खणखणीत होता, आणि माझ्याकडून उत्तर येईपर्यंत ते खरोखर थांबत.

दुसरी फेरी स्टेशनपर्यंत. तिथं ते जरा गप्प झाले, म्हणून मीच म्हणालो, "पिवळा."

"पिवळा," त्यांनी लगेच उत्तर दिलं. "पण ते तुझं काम नाही."

दोन्ही वेळा घरी आल्यावर दार धरून ते आपले आपण उठले. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ते पेशंट झाले असते.

तिसऱ्या फेरीला कुठं जायचं ते मी विचारलंच नाही. गाडी गल्लीबाहेर आल्यावर तेच म्हणाले, "अलकापुरीचा रस्ता राहिलाय."

"अलकापुरीचा रस्ता," मी म्हणालो. जिभेला सवय झाली होती.

तीच पोर्च, तोच गालिचा. गाडी थांबली तशी टोपीवाला सुरक्षारक्षक लगबगीनं दाराशी आला. बाबांनी काचेतूनच पंजा दाखवला. तो सिग्नलला थांबावा तसा थांबला. त्यांनी दार उघडलं, पाय खाली टेकले, दाराची कड धरली आणि उठले. काठी घेतली. शर्ट जागच्या जागी होता, तरी पट्ट्याभोवतून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

मी उतरायला लागलो, तोच मागून हॉर्न वाजला. "गाडी आगळ लो, साहेब," रक्षक पुढं हात दाखवत म्हणाला.

"तू लाव गाडी," बाबा म्हणाले. "मी जातो पुढं."

तळघरात जागा शोधण्यात माझी पंधरा मिनिटं गेली. लिफ्ट येईना म्हणून जिना चढलो. मनात नको ते येत होतं: ते लिफ्टच्या दारात अडखळले असतील, चुकीच्या मजल्यावर उतरले असतील. वर पोहोचलो तर ते रांगेत बसलेले, हातात नंबराची चिठ्ठी. आणि बसलेले कशावर, तर तिथल्या गुबगुबीत सोफ्यावर, ज्याची उंची मोजायला मला मोजपट्टीची गरज नव्हती. पंधरा इंच असेल-नसेल.

मी समोरच्या भिंतीपाशी उभा राहिलो. त्यांनी मला पाहिलं आणि नजर चिठ्ठीवर नेली.

त्यांचा नंबर पुकारला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या बाई हात द्यायला पुढं झाल्या, त्यांना मानेनं नको म्हणाले. मग पुढं सरकले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि जोर लावला. पहिल्यांदा जमलं नाही, परत बसले. दुसऱ्यांदाही नाही. माझा एक पाय पुढं पडला होता, तो मी मागं घेतला. भिंतीवर मणक्याचा रंगीत तक्ता होता. मी त्याच्याकडं तोंड केलं आणि वरपासून एकेक मणका वाचत खाली येऊ लागलो. कमरेपर्यंत पोहोचलो तेव्हा माझ्या पाठीमागून काठीचा आवाज आतल्या खोलीकडं गेला.