भाव वाढणार नाहीत, असे सांगणारे गाव

सुरभी कोहळे वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावच्या एका किराणा दुकानात वाढली, ही माहिती तिच्या संशोधन प्रकल्पाच्या पहिल्या मसुद्यात कुठेही नव्हती. अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात घरांची निवड कशी केली ते होते, प्रश्नावली होती, गावाची ओळखही होती. प्रश्न विचारणारी मुलगी कोणाची, हे मात्र नोंदवलेले नव्हते. तसा रकाना छापील नमुन्यात नसतोच.

वर्ध्याच्या एका महाविद्यालयात ती अर्थशास्त्रात एम.ए. करीत होती. अंतिम वर्षाला ‘समकालीन स्थूल आर्थिक धोरणविषयक प्रश्न’ हा विषय होता आणि त्यावरच प्रकल्प सादर करायचा होता. रिझर्व्ह बँक व्याजदर ठरवताना, पुढच्या वर्षी भाव किती वाढतील असे लोकांना वाटते, याचाही अंदाज घेते. लोकांनी महागाई गृहीत धरली की ते तसे वागू लागतात आणि त्यामुळे महागाई खरोखरच वाढते, असा त्यामागचा विचार. पण ती पाहणी शहरांतली. खेड्यात काय वाटते ते तपासावे, असे सुरभीने ठरवले. खेडे म्हणजे स्वतःचेच, कारण बसभाड्यात तेच परवडणारे होते आणि लोक ओळखीचे होते. ओळख ही तिने सोय मानली.

वेळ बेताचाच होता. धाकटा भाऊ ऋतिक पुण्याला नोकरीत. वडिलांचे, म्हणजे बापूरावांचे, गुडघे गेलेले. “या उन्हाळ्यापर्यंत मी दुकान रेटतो,” एवढे त्यांनी कबूल केले होते. आर्वीच्या एका महाविद्यालयात जूनपासून तासिका तत्त्वावर शिकवण्याची जागा तिला तोंडी मिळाली होती. अट एकच, तोवर पदवी हातात हवी. ती न मिळाली तर पुढे दुकानाचा गल्ला होता.

वर्ध्यातल्या नालवाडीच्या भाड्याच्या खोलीतून ती शनिवारी एस.टी.ने गावी जाई, दोन दिवस दारोदार फिरे आणि सोमवारी पाय ओढत वर्गात येऊन बसे. तिच्यासोबत राहणारी सोनम म्हणे, “तुह्या डोळ्याखाली पाह्य बरं. महागाई तिथंच दिसून राह्यली.”

उत्तरे विलक्षण एकसारखी आली. धुरपताबाई ही शेतमजुरी करणारी, दुकानाची जुनी गिऱ्हाईक. तिच्या ओट्यावरचे संभाषण सुरभीला शब्दशः आठवते.

“मावशी, पुढच्या साली तेलाचे भाव वाढन का?”

“नाई बाप्पा. काऊन वाढन?”

“अन् डाळीचे?”

“डाळ तं उलटी कमी होईन, पायजो तू. चहा घेतं का?”

घरामागून घर असेच. वर्षभर सगळीकडे महागाईची तक्रार ऐकलेल्या सुरभीला हे खटकायला हवे होते. खटकले नाही, असे ती आता सांगते. दमलेल्या माणसाला एकसारखी उत्तरे बरी वाटतात, असेही स्पष्टीकरण देते. ते पुरेसे आहे की नाही, हे ठरवणे कठीण आहे.

मार्गदर्शक प्रभाकरराव ढोबळे सरांना मात्र निष्कर्ष मनापासून आवडला. चार विषय शिकवून आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून थकलेला हा माणूस त्या दुपारी प्रथमच खुर्चीत ताठ बसला. “महागाईच्या अपेक्षा स्थिरावल्या आहेत! धोरणाचे यश म्हणतात ते हेच. पुस्तकातले विधान तू तळेगावात सिद्ध केलेस. आता बांधणीला दे.”

बांधणीला देण्याआधीच्या रविवारी बापूरावांचे गुडघे सुजले म्हणून सुरभी गल्ल्यावर बसली. धुरपताबाई पिशव्या घेऊन आली. नातीचे लग्न उन्हाळ्यात होते. तेलाचा डबा, तूरडाळ, साखर, सगळे तिला त्याच दिवशी हवे होते.

“इतक्या लवकर, मावशी?”

“मंग काय करू? उन्हाळ्यात त्या भावानं कोन घेईन? तवा तं आगच लागन.”

सुरभीचा तराजूवरचा हात थांबला. “पन तुनं तं मले सांगतलं होतं, भाव नाई वाढनार.”

“अवं, तुले दुसरं काय सांगू?” धुरपताबाईने दुकानाच्या बाकावर बसलेल्या दोन बायांकडे पाहिले. “मी वाढन म्हनावं, तुनं बापाले सांगावं, अन् बापानं उद्याच पाटीवर भाव वाढवावा! दुकानदाराच्या पोरीपाशी असं कोनी बोलते का?”

“आमीबी तेच सांगतलं,” बाकावरची एक म्हणाली, आणि तिघी हसल्या. सुरभीही हसली. हसता हसताच आपल्या सगळ्या तक्त्यांचे काय झाले, ते तिच्या ध्यानात आले. गावाने महागाईचा अंदाज सांगितलाच नव्हता. गाव तिच्याशी घासाघीस करीत होते.

सोमवारी तिने सरांना सगळे सांगितले. “बाहेरचे परीक्षक बांधणी पाहतात आणि शेवटचे पान वाचतात,” ते म्हणाले. “हे जसेच्या तसे दिलेस तर उत्तीर्ण होशील. पुन्हा पाहणी करायची तर पुढचे सत्र, म्हणजे दिवाळीनंतर. मी कोणाला काही सांगणार नाही. तुला जूनची घाई आहे, हे मला ठाऊक आहे.” त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते. असे किती प्रकल्प त्यांच्या हाताखालून गेले असतील, याचा फक्त थकवा होता.

त्या आठवड्यात शनिवारची वाट न पाहता ती गावी गेली. बापूराव पाय लांब करून गल्ल्यामागे बसले होते. तिचे सगळे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “पह्यले मले विचारलं असतं तं सांगतलं असतं. इतके साल बसलो इथं, गिऱ्हाईक मले कधी खरं सांगते? अन् मी तरी त्याईले कुठं सांगतो?”

“पुन्हा करा लागन, बाबा.”

“अन् आर्वीची नोकरी?”

“हातची जाईन.”

“अन् मी?”

सुरभी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळायला बसली. “खोटं लिहून नोकरी लागली असती, तं तुनं तिथं पोट्ट्यायले काय शिकोलं असतं?” बापूराव पुटपुटले, पण लगेच, जरा रागानेच, “दिवाळीपर्यंत सकाळचं दुकान तू पाहाचं. माह्यानं होत नाई.”

तिने प्रकल्प मागे घेतला. अर्जावर सही करताना ढोबळे सरांनी विचारले, “आता कुठे विचारणार?”

“जिथे आमचे दुकान नाही, तिथे.”

“तिथेही लोक तुला कोणाची तरी समजतीलच. कंपनीची, सरकारची, पक्षाची.”

“हो, सर. तेही लिहीन.”

जूनमध्ये आर्वीची जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. सुरभी सध्या दुपारपर्यंत दुकान सांभाळते आणि नंतर सोनमच्या गावच्या बसने पाहणीला जाते. प्रश्नावलीत तिने सर्वांत वर एक प्रश्न वाढवला आहे: ‘मी कोण आहे, असे तुम्हाला वाटते?’ पहिल्या घरी उत्तराआधी तिलाच विचारले गेले, “तू कोनाची वं?”