आंबुलीची झोप

आंबुली म्हणजे भातातलं तण. खाचराच्या पाण्यात बांधाकडेला उगवतं, पानं दोऱ्यासारखी, आणि चुरगळलं की कापरासारखा वास सुटतो. इंदूबाईंनी जन्मभर ही आंबुली उपटून बांधावर फेकली. अशी बाई म्हातारपणी खालापुरातल्या दोन खोल्यांत माशांच्या टाकीपुढे बसते आणि त्याच आंबुलीच्या जिवासाठी हात जोडते, हे ऐकून कुंभिवलीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हसू देत बापड्या. ती आंबुली लावली कुणी, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

लावली होती नामाने, इंदूबाईंच्या नवऱ्याने. कुंभिवलीचं खाचर गोदामासाठी गेलं. भराव पडायच्या आदल्या दिवशी घरातले सगळे तिकडे पाठ करून बसले होते, तर हा गडी पायजमा गुडघ्यावर घेऊन पाण्यात उतरला आणि दुधाच्या किटलीत आंबुलीचा झुबका घेऊन आला. सून सुरभीने मासे पाळायला नुकतीच टाकी आणली होती. तिच्या वाळूत नामाने एकेक काडी अंगठ्याने दाबून रोवली, आवणीला रोप लावावं तशी. खोलीत ऊन येत नव्हतं, म्हणून सुरभीने टाकीवर पांढरा दिवा बसवला.

"आता आपलं शेत येवढंच हाय," नामा म्हणाला.

मग दोघांना तोच नाद लागला. दिवा लागला की आंबुलीच्या पानांवर बारीक बुडबुडे धरत, सुटत, वर जात. गप्पी मासे काड्यांमधून सावकाश फिरत. बघता बघता इंदूबाईंना वाटे, आपण बांधावर बसलोय, पाय पाण्यात सोडलेत आणि वारा भातावरून येतोय. हमरस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही मग ओढ्यासारखा लांबचा होई. संध्याकाळ झाली की नामा उठून दिवा बंद करी. शेतावर इंदूबाई आणखी एका ओळीतलं तण बेणायला वाकल्या की तो बांधावरून म्हणायचा, "चल गं इंदू, निजू दे आता भाताला." आता टाकीपुढे म्हणे, "निजू दे तिला."

थंडीत नामा गेला. ध्यानीमनी नसताना गेला.

जिथे त्याने जीव सोडला तिथे पणती लावली. दिवसकार्य होईस्तोवर ती विझू द्यायची नाही, ही रीत. इंदूबाईंनी तेल घालत, वात सारत ती राखली. कार्य झालं, पणती उचलली आणि त्यांचे हात एकदम रिकामे झाले. त्या संध्याकाळी त्यांनी टाकीवरचा दिवा लावला. लावला तो लावलाच. तेलाचा दिवा तेल सरलं की आपसूक जातो, त्याचा बोल कुणाला लागत नाही. या दिव्याला तेल नाही, वात नाही. तो मालवायचा तर स्वतःचं बोट लावावं लागतं. ते बोट इंदूबाईंच्याने उचलवेना.

रात्रंदिवस दिवा जळू लागला. आधी काच हिरवट झाली, मग आंबुलीच्या पानापानावर शेवाळाचे केस लोंबू लागले. खालची पानं काळी पडून गळायला लागली. नामाच्या हातची तेवढी एकच गोष्ट जगात उरली होती, आणि ती डोळ्यांदेखत चालली होती.

"आई, तिला अंधार पण लागतो. उजेड जास्त झाला की शेवाळ माजतं," सुरभी हळूच म्हणाली.

"उजेडानं कुटं रोप मरतं गं? तो दिवा त्यांचा हाय. मी नाय मालवायची."

बटण सुरभीच्याही हाताशी होतं, पण सासूच्या डोळ्यांत बघून तिचा हात झाला नाही.

पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दोन दिवस वीज नव्हती. इंदूबाई टाकीशी बसून राहिल्या. आता सगळं संपलं, असंच त्यांनी धरलं. त्यांना जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज आली, दिवा लागला. त्यांनी भीत भीत टाकीत पाहिलं. शेवाळ पांढुरकं पडून सुटत होतं. आणि शेंड्याला, बघा, ताजा पोपटी कोंब होता. इंदूबाईंनी बाह्या सारून हात पाण्यात घातला, सडकी पानं बेणून काढली. बोटांना कापराचा वास लागला. शेतावरून आलेल्या नामाच्या हातांना यायचा तोच वास.

त्या तशाच बसून राहिल्या. संध्याकाळ झाली. दिवा लखलखीत होता, तरी आंबुलीचे शेंडे हळूहळू मिटू लागले. एकेक पान वर उचलून काडीला टेकत होतं, दिवसभर राबलेलं माणूस हातपाय जवळ घेतं तसं. तिचा दिवस भरला होता. झोपायचं होतं तिला, आणि आपण इतके दिवस तिच्या डोळ्यांवर उजेड धरून बसलो होतो.

सुरभी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. इंदूबाई उठल्या. एक हात काचेवर ठेवला, दुसरा बटणावर.

"निजा आता," त्या म्हणाल्या.

टाकी काळोखी झाली. दिवसकार्यातही ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, त्या इंदूबाई अंधारात काचेला कपाळ टेकवून पोटभर रडल्या.