नकाशातलं एकटं झाड

नदीकाठच्या शेतात मधोमध एक बाभूळ होती. आबांच्या तरुणपणी मोजणीवाले आले, तेव्हा खोऱ्याच्या नकाशात त्यांनी ती ‘एकटं झाड’ म्हणून छापली. तेव्हापासून घरी पाहुणा आला की चहाच्या आधी नकाशा पुढे यायचा. परवाच्या वादळात बाभूळ मुळासकट आडवी झाली आणि आबा कुदळ घेऊन त्याच जागी नवं झाड लावायला निघाले.

“अहो, नकाशात मी नाही, आपलं घर नाही, तरी आपण आहोतच ना?” आजीबाईंनी टोमणा मारला.

“तुला शोधत कोणी यायचं नाही. झाडाच्या खुणेवर माणसं वाट काढतात. मी आहे तोवर नकाशा खोटा पडायचा नाही.”

खड्डा बुजवून शेत सरळ नांगरायला त्यांचा पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला, तर आबा नकाशा घेऊन खड्ड्यात मांडी ठोकून बसलेले. त्याने बरीच डोकेफोड केली, पण म्हातारा जागचा हलेना. शेवटी पोरगा ट्रॅक्टरवरून खाली उतरला.

“आबा, झाड कसलं ते लिहिलंय का त्यात?”

आबांनी चष्मा लावून नीट पाहिलं. “नाही बुवा.”

“मग आंबा लावा. निदान ट्रॅक्टरने झाडाला वळसा घातल्याचं चीज होईल.”

आबा उठले आणि रोप आणायला त्याच ट्रॅक्टरवर चढले.