गॅदरिंगनंतर बेपत्ता

नोकरीत खुनाचे तपास केले, दरोडे उघड केले. त्यातलं बरंचसं आता धूसर झालं आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात दाखल झालेली ती मिसिंग, म्हणजे बेपत्ता झाल्याची नोंद, मात्र जशीच्या तशी आठवते.

सकाळची हजेरी चालू होती. सोनारीकडच्या खेड्यातला एक शेतमजूर ठाण्यात आला. त्याची मुलगी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. गॅदरिंगहून आली, न जेवता झोपली आणि सकाळी घरातून निघून गेली. "लई हुशार हाय साहेब. कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मुलगी सज्ञान होती. मिसिंग दाखल करून वर्णन वायरलेसवर दिलं.

अशा प्रकरणात पोलिसाचं डोकं आधी प्रेमप्रकरणाकडं वळतं. खबऱ्यानं वेगळंच सांगितलं. कार्यक्रमात तिच्यावर फिशपॉन्ड पडला होता. फिशपॉन्ड म्हणजे टोपणनाव घेऊन माइकवरून केलेली टिंगल.

ती टिंगल वाचणाऱ्या विद्यार्थ्याला बोलावलं. सुरुवातीला त्यानं उडवाउडवी केली. मी त्याला चहा दिला आणि गप्प बसलो. दरडावण्यापेक्षा कधीकधी हेच जास्त काम करतं. शेवटी तो रडायला लागला.

"वर्गात तिला डांबर म्हणत्यात, सर. 'लाईट गेल्यावर डांबरला शोधायचं असंल तर हसवा, दात दिसतील.' एवढंच वाचलं. दरवर्षी असतंच की. माझ्यावर बी पडला होता."

गॅदरिंगचे प्रमुख प्राध्यापक त्याच कॉलेजचे जुने विद्यार्थी होते. ते म्हणाले, "आमच्या वेळी फिशपॉन्ड सरांवर असायचे. त्यांच्या सवयींवर चार ओळी जुळवायच्या. सरही हसायचे. पुढं ते मुलींवर आले, मग रंगावर, आडनावावर. परंपरा म्हणून कुणी थांबवलं नाही."

"तुम्ही?"

त्यांनी टेबलावरची कार्यक्रमपत्रिका घडी करून खिशात टाकली.

दुपारी आमच्या महिला हवालदारानं तिच्या मैत्रिणीला विश्वासात घेतलं, तेव्हा धागा लागला. मुलीची मावशी तामलवाडीला होती. आम्ही पोचलो तेव्हा मुलगी पडवीत ज्वारी निवडत बसली होती.

"तक्रार दे. पुढचं मी बघतो," मी म्हणालो.

"डांबर ऐकायची सवय हाय मला. त्याचं काय न्हाय." ती सुपातले खडे वेचत राहिली. "आबा, माझे वडील, पहिल्यांदाच कॉलेजात आले होते. मागच्या रांगेत बसले होते. सगळे हसले तवा म्या मागं वळून बघितलं. आबा बी हसत होते. कुणाबद्दल हाय ते त्यांना काय माहीत? लई दिवसांनी त्यांना असं हसताना बघितलं, साहेब."

हवालदार बाईंनी तोंड फिरवलं.

"त्यांना सांगू नका. कधीच सांगू नका."

मर्जीनं मावशीकडं गेले, असा जबाब तिनं दिला. मिसिंग बंद झाली. बापानं मला ठाण्याच्या दारात गाठलं. "पोरीला कुणी काय बोललं का, साहेब?"

परीक्षेचं दडपण आलं होतं, असं मी सांगितलं. त्याचा चेहरा हलका झाला. "व्हय, अभ्यास लई करती," म्हणत तो स्टँडकडं निघाला.

मुलगी कॉलेजात परतली नाही. मावशीकडंच राहून शिवणकाम शिकली, एवढं कानावर आलं. कॉलेजनं पुढच्या वर्षी फिशपॉन्ड बंद केले. नंतर तेच दुसऱ्या नावानं सुरू झाले.

गुन्हा म्हटला की आम्हाला आरोपी लागतो. इथं सगळा मंडप हसला होता, आणि त्यात तिच्यावर सगळ्यांत जास्त जीव असलेला माणूसही होता. असल्या जखमेचा पंचनामा होत नाही. पुढं कधी गॅदरिंगच्या बंदोबस्ताला गेलो तर मी स्टेजकडं पाहत नसे. हशा उठला की कोण हसत नाही, तेवढं बघायचो.