बोटावरचं चौऱ्याण्णव

मॉनिटर ऑक्सिजन चौऱ्याण्णव टक्के दाखवत होता आणि ग्रेसबाईंना एक वाक्य एका दमात बोलता येत नव्हतं.

मी लीड्समधल्या एका हॉस्पिटलच्या ए अँड ईमध्ये, म्हणजे इमर्जन्सी विभागात, रजिस्ट्रार डॉक्टर आहे. त्या दुपारी वेटिंग रूममध्ये बसायला जागा नव्हती. ग्रेसबाई मूळच्या घानाच्या, इथे बस चालवतात. एक्स-रे स्वच्छ होता. आमचे कन्सल्टंट, म्हणजे विभागातले वरिष्ठ डॉक्टर, डेव्हिड म्हणाले की आकडा बरा आहे, व्हायरल असेल, घरी पाठवू.

बाईंची मुलगी अबेना शेजारीच होती. ती मला हळूच म्हणाली, "आज आईला कोटाची बटणंसुद्धा मी लावून दिली. असं कधीच झालं नव्हतं."

बोटाला लावतात तो चिमटा त्वचेतून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. गडद त्वचेवर तो कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. हे आम्हाला माहीत असतं. पण गर्दीत डोळ्यांसमोर आकडाच राहतो.

मी डेव्हिडना म्हटलं, "आकडा बरा आहे, बाई बऱ्या नाहीत. मला ब्लड गॅस करायचाय."

ब्लड गॅस म्हणजे मनगटाच्या धमनीतून रक्त काढून ऑक्सिजन थेट मोजणं. डेव्हिडनी एकदा बाईंकडे नीट पाहिलं. "कर. आत्ताच कर."

सुई दुखेल, असं मी बाईंना आधीच सांगितलं. त्यांनी मनगट पुढे केलं. "मघापासून सगळे... त्या मशीनशीच बोलतायत," त्या म्हणाल्या. "तू तरी... माझ्याशी बोललीस."

रिझल्ट आला शहाऐंशी. लगेच ऑक्सिजन लावला, सीटी स्कॅन केला. फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या होत्या. घरी पाठवलं असतं तर ग्रेसबाई बहुधा परत आल्या नसत्या. रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं आणि अबेना कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडली.

काही दिवसांनी वॉर्डात डोकावले. ग्रेसबाई खुर्चीत बसून तिथल्या कस्टर्डला नावं ठेवत होत्या. न थांबता, सलग. मला इतकं हलकं वाटलं की मीही स्टूल ओढून ऐकत बसले.

डेव्हिडनी शिफ्ट बदलतानाच्या हँडओव्हरला सगळ्यांसमोर सांगितलं, की पेशंटची त्वचा गडद असेल आणि श्वास नि आकडा जुळत नसेल, तर ब्लड गॅस करायचा. "मला विचारत बसायचं नाही," ते म्हणाले. तेव्हापासून तसंच चालतं.

मशीन बिघडलेलं नव्हतं. सगळ्या रंगांच्या त्वचेवर ते पुरेसं तपासलेलं नव्हतं, एवढंच. ते लक्षात ठेवायचं काम मशीनचं नाही, आमचं आहे.