टाकीचं झाकण

काल पुंडलिकनगरात गाडीच्या टाकीचं झाकण उघडलं, तशी हवा फुस्सकन आत गेली. पेट्रोलचा वास आला आणि दादा आठवले.

दादा म्हणजे माझे वडील. आमच्या घरातली पहिली पदवी मला मिळणार होती. ती बघायला ते फुलंब्रीहून माझ्या मागं बसून निघाले होते. मोटारसायकल थोडी चालायची अन् बंद पडायची. मी दोनदा प्लग पुसला.

"टाकीचं झाकण उघडून बघ," दादा म्हणाले. "पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून मी खाली प्लास्टिक लावलंय. त्यानं आत हवा जात नसंल, पेट्रोल उतरत नसंल."

"दादा, मी सायन्स शिकलोय. तुम्ही नका सांगू."

हर्सूलजवळ ती पुन्हा बंद पडली, तसा मी चिडून रिक्षात बसलो.

"व्हय पुढं, येतो मी," दादा म्हणाले.

गाडीची अन् टाकीच्या झाकणाची एकच चावी, ती माझ्याच खिशात राहिली.

समारंभ संपल्यावर दादा गाडी ढकलत कॉलेजच्या फाटकाशी पोचले. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. चावी घेऊन त्यांनी झाकण उघडलं, प्लास्टिक काढलं, किक मारली. गाडी चालू झाली. धोतराला हात पुसून त्यांनी पदवीचा कागद मागितला.

भिंतीवरच्या पदवी घेतानाच्या फोटोत मी एकटाच आहे. झाकण उघडायला मिनिटभरही लागलं नसतं.