शिळेवर नसलेल्या बायका

व्हर्ना क्लासेनचं अख्खं आयुष्य कॅन्ससमधल्या ओडेल फोर्क गावात, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीसमोरच्या चौकात गेलं. त्याच कचेरीत ती टायपिस्ट म्हणून चिकटली, तिथंच तिच्या लग्नाची नोंद झाली आणि नवरा गेल्यावर समोरच्या चर्चच्या पायऱ्या ती रोज झाडू लागली. स्वभावानं सोशिक. पण गावाच्या शतकमहोत्सवासाठी चौकात बसवलेल्या नव्या शिळेवरचं कापड तिनं उचलून पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ‘कचेरी वाचवणारे वीर’, आणि खाली सात पुरुषांची नावं!

वीर कसले! तिच्या आजीच्या काळी कचेरी ज्या गावात, तेच गाव जगे. बाकीची ओसाड पडत. शेजारच्या प्रॉस्पर गावचे लोक बैल, चाकं, साखळदंड घेऊन कचेरीची लाकडी इमारतच उचलून न्यायला आले, तेव्हा इथले पुरुष मळणीला दूर गेले होते. व्हर्नाची आजी आगाथा शेजारणींना घेऊन आत शिरली आणि तिनं लोखंडी शेगडी रसरशीत पेटवली. इमारत हलली असती तर निखारे सांडून सगळं भस्म झालं असतं, मग राख घेऊन जाणार होते का प्रॉस्परवाले? ते हात हलवत परत गेले, तरी पुरुष येईपर्यंत बायकांनी जाळ विझू दिला नाही. त्या धुरानं आगाथाला छातीचं दुखणं कायमचं जडलं. तिचा खोकला भिंतीपलीकडून ऐकत व्हर्ना लहानाची मोठी झाली होती.

तिनं नगराध्यक्ष ओरव्हिलला गाठलं. चर्चमधल्या रविवारच्या वर्गात तिच्याच हाताखाली शिकलेला तो.

“हे सात जण कोण रे?”

“मावशी, बंदुका घेऊन ते पहाऱ्याला उभे होते ना!”

“प्रॉस्परवाले निघून गेल्यावर! पहारा कुणावर, कावळ्यांवर?”

“अहो, बायका आत स्वैपाक करत होत्या, असं समितीचं म्हणणं. आता दगड कोरून झालाय. रविवारी महोत्सवाला तुमचा अक्रोडाचा केक मात्र आणा हं.”

“केक तुझी समिती भाजेल.”

देवा, हा राग काढून घे, अशी तिनं प्रार्थना केली. राग जागचा हलला नाही. मग तिला वाटलं, देवानंच ठेवला असेल.

महोत्सव म्हणून रविवारची उपासना चौकातच, शिळेपुढं होती. पाळकांनी नेहमीसारखं विचारलं, “कुणाला कशाबद्दल देवाचे आभार मानायचेत?” कुणी नातवाबद्दल मानले, कुणी बऱ्या झालेल्या गुडघ्याबद्दल. मग व्हर्ना उठली.

“माझ्या आगाथाआजीबद्दल. तिनं ही कचेरी राखली.”

“मावशी, प्रार्थना चाललीय,” ओरव्हिल दबक्या आवाजात म्हणाला.

“मग मी काय तमाशा करतेय?”

मागून हेझल पिकेट काठी टेकत उठली. “माझ्या लुएलाआजीबद्दल. तीही होती आत.” पाठोपाठ आणखी एक उठली, मग आणखी एक.

ओरव्हिल लगबगीनं जवळ आला. “बरं बाई, खाली एक छोटी पाटी लावू.”

“खाली?” व्हर्नाचा आवाज चिरका झाला. “दगड फिरव. त्याची पाठ कोरी आहे. बायकांची नावं पुढं, तुझे वीर मागं.”

“आत्ता? सगळ्यांदेखत?”

“चोरी सगळ्यांदेखतच केलीस ना?”

पाळकांनी घाईघाईनं प्रार्थना संपवली. व्हर्नानं आमेन म्हटलं नाही. ती उभीच राहिली, आणि ती उभी म्हणून उठलेली एकही बाई खाली बसेना.